तेरा लाल रेघा

“मला फसवणारा गॅरेजवाला अजून जन्माला यायचाय!”

हे वाक्य तपासनीसांनी सोमवारी सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं. समोरच्या दाराला वर्षभर कुलूप, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना ऐकू कमी यायचं. पण वाक्य इतकं झकास जमलं होतं, की वाया जायला नको म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा होता. चौतीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. ते येणार म्हटलं की मुख्याध्यापक स्वतः फडकं घेऊन खिडक्या पुसायचे! पुढे निवृत्त झाले, हुद्दा गेला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते राहिलंच. आता तपासायला उरलं होतं काय, तर दुधाच्या पाकिटावरची तारीख आणि भिंतीवरचं घड्याळ. दोन्हींत सहसा चूक सापडायची नाही. दिवस अगदी खायला उठायचा.

तर झालं असं, की रविवारी मुलीचा फोन आला. मुलगी चार तासांवरच्या गावात, नवरा, नोकरी आणि सात वर्षांची लेक सांभाळून. रविवारी अकरा वाजता फोन म्हणजे अकरालाच! बापावर गेली होती.

“बाबा, गाडी विकून टाकू या.”

“का? तिने तुझं काय घोडं मारलंय?”

“सतरा वर्षांची झाली ती. आणि तुम्ही जाता तरी कुठे? बाजार आणि घर!”

“वाचनालयातही जातो.”

“ते बंद होऊन दोन वर्षं झाली, बाबा.”

“बंद आहे का, ते बघायला जातो.”

पलीकडे मुलीने एक लांब श्वास सोडला. तिच्या ऑफिसातला एक जण जुनी गाडी शोधत होता. पुढच्या रविवारी तो येऊन बघणार, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. गाडी गेली तर तपासनीस सकाळी उठून किल्ली कसली शोधणार होते?

“गाडी ठणठणीत आहे!” ते म्हणाले.

“मग सिद्ध करा. पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या. गॅरेजवाले कामांची यादी देतात ना? त्यातल्या प्रत्येक कामापुढे मिस्त्रीची खूण पाहिजे. त्या कागदाचा फोटो मला शनिवारपर्यंत पाठवा. एक जरी काम राहिलं, तर गाडी जाणार.”

आता बघा, असं आव्हान तपासनीसांना देणं म्हणजे माशाला पाण्यात ढकलण्यासारखं होतं! गॅरेजवाले निम्मी कामं करतात आणि सगळ्यांपुढे खुणा करतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. त्यांनी लगेच आपली जुनी युक्ती काढली. शाळेत गेले की ते प्रयोगशाळेतल्या एखाद्या बरणीच्या झाकणावर पेन्सिलने बारीकशी रेघ मारायचे, अर्धी झाकणावर, अर्धी बरणीवर. सहा महिन्यांनी जायचे. रेघ जुळलेली दिसली, की गुरुजींची दांडी उडालीच! “मुलांना प्रयोग दाखवलेले नाहीत. झाकण उघडलेलंच नाही!” गुरुजी पांढरेफटक पडायचे. ही युक्ती जगात फक्त आपल्यालाच सुचली, याबद्दल तपासनीसांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तीच युक्ती गाडीला लावायची! प्रत्येक बोल्टवर एक रेघ, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. बोल्ट फिरला की रेघ तुटणार. नाही तुटली, की गॅरेज गोत्यात!

पण लोखंडावर पेन्सिल उमटेना. स्केचपेन तेलावरून घसरायला लागलं. घरभर शोधून शेवटी ते आरशाखालच्या खणापाशी आले. तो खण तीन वर्षांत उघडला नव्हता. आत बायकोच्या वस्तू जशाच्या तशा होत्या, आणि कोपऱ्यात लाल नेलपॉलिशची छोटी बाटली. झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी ते फडक्यात धरून उघडलं, आणि तो वास आला मात्र, तपासनीस पलंगावर बसले ते पाच मिनिटं बसूनच राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, “काम सरकारी आहे.” आणि बाटली घेऊन खाली गेले.

बॉनेटखाली आठ रेघा झाल्या. चाकांना चार. तेरावी खालच्या ऑइलच्या बोल्टवर मारायची, म्हणून त्यांनी गाडीची दोन चाकं फुटपाथवर चढवली आणि आडवे होऊन खाली शिरले. रेघ मारली. पण निघता येईना! सदऱ्याची पाठ कशात तरी अडकली होती. चाळीस मिनिटं त्यांचे दोन पाय गाडीबाहेर रस्त्यावर होते. एका मांजराने थांबून चपलेचा वास घेतला. बाकी कोणी विचारलं नाही, की बाबा, कोणाचे हे पाय? शेवटी सदरा फाडून ते आपले आपणच बाहेर आले.

मंगळवारी गाडी गॅरेजात गेली, बुधवारी दुपारी परत आली. काउंटरवरच्या बाईंनी हसतमुखाने कागद दिला. एकवीस कामं, एकवीसच्या एकवीस पुढे कॉम्प्युटरने छापलेलं ‘पूर्ण’!

घरी येताच तपासनीसांनी बॉनेट उघडलं, नाकावर चष्मा सरकवला आणि मोजायला लागले. एक रेघ, जुळलेली. दोन, जुळलेली. तीन, चार... चाकांच्या चार, जुळलेल्या! टॉर्च घेऊन पुन्हा खाली शिरले, या वेळी सदरा काढून. तीही जुळलेली. तेरा! तेराच्या तेरा!

खरं सांगायचं तर त्यांना राग आलाच नाही. आनंद झाला! किती दिवसांनी उद्या सकाळी कुठेतरी जायचं होतं, आणि तिथे कोणीतरी आपल्याशी बोलणार होतं. भांडणार का असेना! संध्याकाळभर त्यांनी फ्रिजसमोर उभं राहून भाषणाची तालीम केली. फ्रिज मधूनमधून घुरघुरायचा, तेवढ्यापुरतं थांबायचे आणि म्हणायचे, “मध्ये बोलू नका!”

गुरुवारी बरोबर नऊला ते गॅरेजात हजर!

“बाई, हा कागद खोटा आहे!”

काउंटरवरच्या बाई चपापल्या. तपासनीस जगातल्या सगळ्या बायकांना ‘बाई’ म्हणायचे आणि तेही असं, की समोरचीला आपली वही तपासायची राहिलीय असं वाटावं. बाईंनी मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, दोन माणसांएवढा रुंद आणि अर्ध्या माणसाएवढं बोलणारा गृहस्थ.

“काय झालं?”

“एकवीसपैकी तेरा कामं केलेली नाहीत! म्हणजे शंभरापैकी अडतीस गुण. नापास!”

मिस्त्रीने हात पुसले. “कशावरून?”

“तुम्ही गाडी उघडा. मी दाखवतो.”

बॉनेट उघडलं. मिस्त्री वाकला. एकेका बोल्टवर बोट ठेवत गेला आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

“काका, सगळं झालेलं आहे की! ही बघा लाल रेघ. ही बघा. बोल्ट आवळला, काम झालं, की आम्ही त्याच्यावर अशी रेघ मारतो. अर्धी बोल्टवर, अर्धी खाली. रेघ जुळलेली असली म्हणजे काम पक्कं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. गॅरेजचा नियम आहे.”

तपासनीसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तोंड उघडलं होतं ते मिटायचंच राहून गेलं.

“नियम? म्हणजे... सगळीकडे असं करतात?”

“सगळ्या जगात करतात! मंगळवारी सकाळी गाडी माझ्या मेहुण्याकडे होती. दुपारी त्याची दाढ दुखायला लागली म्हणून तो घरी गेला. मी आलो, बघितलं, तेरा रेघा. म्हटलं, वा, पठ्ठ्याने बरंच उरकलंय! उरलेली सात-आठ मी केली.”

आता इथेच जर तपासनीसांनी सांगून टाकलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण चौतीस वर्षांत त्यांनी ‘माझी चूक झाली’ हे वाक्य फक्त दुसऱ्यांकडून लिहून घेतलं होतं. स्वतः म्हणायची सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “ऑइल बघा. काळं आहे.”

मिस्त्रीने ऑइल बघितलं. डांबर परवडलं! त्याने एअर फिल्टर काढला, तर त्यातून एक वाळलेलं पान, दोन मुंग्या आणि मूठभर धूळ पडली. मिस्त्रीचा चेहरा हळूहळू तापायला लागला. त्याने फोन काढला.

“काय रे ए! रेघा मारून पळालास? काम न करता रेघा? ... दाढ गेली खड्ड्यात! ... हात नाही लावला म्हणजे? मग रेघा काय भुताने मारल्या?”

पलीकडून इतक्या जोरात आवाज आला, की मिस्त्रीने फोन कानापासून वीतभर लांब धरला. मेहुणा गाडीला शिवलाच नव्हता म्हणे. बावीस वर्षांत त्याच्यावर असा आळ कोणी घेतला नव्हता! त्याने फोन आपटला. दोन मिनिटांत मिस्त्रीच्या बायकोचा फोन. “माझ्या भावाला खोटारडा म्हणालात?” मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं नुसता “हं... हं... अगं पण...” करत राहिला. फोन ठेवला तेव्हा तो दोन माणसांएवढा रुंद राहिला नव्हता.

“आज घरी जायची सोय राहिली नाही,” तो म्हणाला.

तपासनीस एका टायरवर बसून होते. त्यांना घाम फुटला होता. आपण गुरुजींना पकडायला सापळा लावावा, आणि त्यात अख्खं खटलं अडकावं, तशी गत!

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई टॉर्च घेऊन आल्या. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि ओरडल्या, “अगं बाई! ही रेघ चमचम करतेय!”

“काय करतेय?”

“चमकी आहे त्यात. हा आपला रंग नाही. ही नेलपॉलिश आहे!”

हळूहळू सगळ्यांच्या माना बाईंच्या नखांकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघताय? माझी निळी आहेत!”

“मंगळवारी कुठली होती?” मिस्त्रीने संशयाने विचारलं.

“मी कशाला लोकांच्या बोल्टना नेलपॉलिश लावत बसू? काउंटर कोण सांभाळणार? माझ्यावर विश्वास नसेल तर राहिलं! मी ही निघाले!” आणि बाई खरोखरच पर्स आणायला वळल्या हो! डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

आता मात्र तपासनीसांना राहवेना. एका मेहुण्याची अब्रू, एका मिस्त्रीचा संसार आणि एका बाईंची नोकरी, सगळं एका बाटलीपायी पणाला! ते टायरवरून उठले.

“बाई, थांबा. नेलपॉलिश... माझी आहे.”

आता सगळ्यांच्या माना तपासनीसांच्या नखांकडे.

“म्हणजे मी लावतो असं नाही! मी फक्त रेघा मारल्या. तुम्हाला पकडायला. बाटली बायकोची आहे.”

मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. मग फुटला, “काका! माझ्या घरात आग लावलीत तुम्ही! बोलवा तुमच्या मिसेसना! त्यांनाच सांगतो, तुमचे हे काय उद्योग करतात ते!”

“ती नाही आता,” तपासनीस म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. बाईंनी पर्स पुन्हा खुर्चीला अडकवली. कोणीतरी पंखा लावला. मग मिस्त्री खाली बघत म्हणाला, “चहा घेणार?” आणि तपासनीस म्हणाले, “घेईन की.” दुसऱ्याने केलेला चहा त्यांनी किती दिवसांत घेतला नव्हता, ते त्यांना आठवेना.

चहा झाल्यावर तपासनीसांनी स्वतः मेहुण्याला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, “माझी चूक झाली.” पहिल्या खेपेला नीट उमटलं नाही, म्हणून मेहुण्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग मिस्त्रीच्या बायकोने म्हणायला लावलं. मग बाई म्हणाल्या, “मला म्हणायचं राहिलं.” दुपारपर्यंत त्यांचा चांगला सराव झाला!

मिस्त्रीने तेरा कामं त्यांच्यासमोर केली. एकेक बोल्ट फिरला, एकेक रेघ तुटली. याच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता, पण रेघ तुटताना दर वेळी तपासनीस दुसरीकडे बघायचे. मिस्त्रीने ते पाहिलं असावं. वायपरचा बोल्ट त्याने हाताने चाचपला, म्हणाला, “हा घट्टच आहे, फिरवायची गरज नाही,” आणि ती रेघ तशीच ठेवली.

संध्याकाळी पेनने खुणा केलेला कागद घेऊन तपासनीस घरी आले. फोटो काढला, मुलीला पाठवला. तीन मिनिटांत फोन!

“बाबा, एकविसाव्यापुढे खूण नाही.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. एकवीस: डावीकडच्या सीटचा पट्टा. रिकामं! अख्खा दिवस समोर उभं राहून हे आपल्या नजरेतून सुटलं, आणि चार तासांवरून पोरीने पकडलं! त्यांना लाज वाटली, आणि थोडा अभिमानही.

“विसरला असेल.”

“मग रविवारी येणाऱ्याला हो सांगू?”

शुक्रवारी सकाळी नऊच्या आधीच ते गॅरेजच्या दारात. “मिस्त्री! एक काम अपूर्ण आहे!”

“माहितीये,” मिस्त्री म्हणाला. “तो पट्टा उभ्या गाडीत तपासता येत नाही. माणूस बसायला लागतो, गाडी चालायला लागते, झटका बसला की पट्टा धरतो का ते बघायला लागतं. तुम्ही एकटेच येता. तुमच्या शेजारी कोण बसतं?”

तपासनीस चष्मा काढून पुसायला लागले.

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग फडक्याला हात पुसले, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसला. गाडी त्या बाजूला चांगली चार बोटं दबली. तीन वर्षांनी पहिल्यांदा!

“चला.”

निघाले. बाजारावरून, बंद वाचनालयावरून, नदीच्या पुलावरून. तपासनीस बोलायला लागले ते थांबेनात! शाळा, मुख्याध्यापक, प्रयोगशाळेतल्या बरण्या, फ्रिजचं घुरघुरणं. मिस्त्रीने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. पुलाच्या उतारावर तपासनीसांची नजर सहज खाली गेली. मिस्त्रीचा उजवा पाय पुढच्या चटईवर दाबून धरलेला होता. तिथे ब्रेक नव्हता काही! पण बायकोचा पाय अगदी तिथेच असायचा. चौदा वर्षं तिने त्या चटईवर नसलेला ब्रेक दाबला होता. तपासनीसांना समोरचं धूसर झालं, आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला.

मिस्त्री पुढे गेला, पट्ट्याने त्याला धरलं, तो मागे आला.

“अकरावी वेळ,” तो म्हणाला. “काका, पट्टा एकदम मजबूत आहे.”

गॅरेजात परत आल्यावर त्याने एकविसाव्या कामापुढे खूण केली, आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: ‘गाडी पास. चालक कच्चा. दर शनिवारी तपासणी करावी लागेल. मी बसेन.’

तपासनीसांनी जन्मात हजारो शेरे लिहिले होते, पण त्यांच्यावर कोणी लिहिला नव्हता! त्यांनी तो चार वेळा वाचला. ‘मी बसेन’ पाच वेळा. पण ‘चालक कच्चा’ मुलीने वाचलं, तर गाडी रविवारी गेलीच म्हणून समजा! घरी आल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला, शेऱ्यावर अलगद अंगठा ठेवला, फोटो काढला आणि पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘बाबा, अंगठा काढा.’

तपासनीसांनी इकडेतिकडे बघितलं. मग मुकाट्याने अंगठा काढला आणि दुसरा फोटो पाठवला. या वेळी उत्तर येईना. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ते फोन हातात धरून, किल्ली खिशात घट्ट धरून बसून राहिले. घर एरवीपेक्षाही शांत होतं. फ्रिजसुद्धा घुरघुरला नाही.

मग फोन वाजला.

“बाबा, त्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं. गाडी राहू दे.” मुलीचा आवाज जरा जड होता, पण लगेच तिने तो बापासारखा खणखणीत केला. “पण यादीत एक चूक आहे. मागच्या सीटचे पट्टे कुठे आहेत त्यात? ते कोणी तपासलेच नाहीत! उद्या आम्ही दोघी येतोय. मागे बसून बघतो.”

“या,” तपासनीस म्हणाले. “जरूर तपासा. काम अपूर्ण राहिलेलं मला चालत नाही.”

फोन ठेवला आणि ते तसेच खाली गेले. मागचं दार उघडलं, दोन्ही पट्टे ओढून बघितले. दोन्ही अगदी नवेकोरे, एकदम ठीक. तपासनीसांनी दार हळूच लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक अहवाल दाबून ठेवायचं ठरवलं.